पाचामुखी परमेश्वर, आणि यंत्रांच्या मुखी?



गावात बांधाचा तंटा निघाला, तर एकट्याचा शब्द आपण प्रमाण धरीत नाही. पाच जाणती माणसे बोलावतो, त्यांना बांधावर नेतो, आणि ती जे एकमताने म्हणतील ते मान्य करतो. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण याच भरवशावर उभी आहे. एक जण चुकेल, एखादा पक्षपातही करील. पण पाचही जण एकाच वेळी, एकाच बाजूला चुकतील हे अवघड. म्हण जुनी असली तरी तिच्यामागचा हिशोब पक्का आहे. आज हाच हिशोब मला एका नव्या ठिकाणी लावून पाहायचा आहे.

हे नवे ठिकाण आपल्या खिशातच आहे. पिकाच्या पानाचा फोटो मोबाईलवर काढायचा आणि ‘हे काय झाले आहे?’ असे त्यालाच विचारायचे, ही सोय आता खेड्यापर्यंत पोहोचली आहे. चित्र पाहून शब्दांत उत्तर देणाऱ्या संगणकाच्या या रचनेला मॉडेल म्हणतात. आपणही तेच म्हणू. मॉडेल म्हणजे आत बसवलेल्या असंख्य आकड्यांची जुळणी. लाखो चित्रे दाखवायची, उत्तर चुकले की हे आकडे थोडेथोडे हलवायचे, असे करीत करीत ते शिकवलेले असते. मेटा कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये लामा ३.२ नावाचे मोठे चित्र-मॉडेल प्रसिद्ध केले. त्यात असे सुमारे ९,००० कोटी आकडे होते. उलट जानेवारी २०२५ मध्ये हगिंग फेस या कंपनीने स्मोलव्हीएलएम या कुटुंबातले जे धाकटे भावंड पुढे आणले, त्यात अवघे २५ कोटी ६० लाख. मोठ्याला दूरच्या शहरातले संगणकांचे कोठार लागते, भरपूर वीज लागते, आणि आपल्याकडून तिथपर्यंत अखंड रेंज लागते. धाकटे मात्र हातातल्या यंत्रावर चालावे अशा बेताने केलेले असते. ज्यांच्या शेतात फोनला एक दांडीही दिसत नाही, त्यांना यातला फरक समजावून सांगायला नको.

पण धाकट्याची समजही धाकटीच. ते एकटे असले की वरचेवर चुकते. तेव्हा संगणक जाणणाऱ्यांना आपली म्हण सुचली म्हणा ना: एकावर विसंबू नका, पाच छोटी मॉडेले एकत्र बसवा आणि त्यांचे बहुमत घ्या.

ही कल्पना कागदावर फार सुरेख दिसते. फ्रान्समध्ये कोंदोर्से नावाच्या गणितज्ञाने १७८५ साली तिचे गणित मांडून ठेवले आहे. समजा, एक पंच शंभरपैकी ऐंशी वेळा बरोबर असतो. तसे तीन पंच बसवले आणि बहुमत घेतले, तर निकाल शंभरात जवळजवळ नव्वद वेळा बरोबर येतो. पाच बसवले तर चौऱ्याण्णव वेळा. कोणालाही अधिक शिकवावे लागले नाही, नुसती माणसे वाढवली आणि शहाणपण वाढले! शिक्षकांनी हे वर्गात पायरीपायरीने करून दाखवावे, शक्यतेचा धडा मुलांच्या चांगला लक्षात राहील. मात्र त्याच गणिताची दुसरी बाजूही त्यांना दाखवा. पंच जर शंभरात चाळीस वेळाच बरोबर असेल, तर तिघांचे बहुमत पस्तीस वेळाच बरोबर येते. अडाणी पंच जितके वाढवाल तितका न्याय बिघडत जातो.

आणि या सगळ्या आकडेमोडीच्या मुळाशी एक अट आहे. प्रत्येक पंचाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे आणि त्याची चूक ही त्याची स्वतःची असली पाहिजे. ही अट मोडली की वरचे चौऱ्याण्णव मातीत गेले म्हणून समजा.

अट मोडली आहे हे ओळखायचे कसे? शिक्षक श्रोत्यांना हे मी काय सांगावे! तीन मुलांच्या वहीत एकच बरोबर उत्तर असले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तिघांनाही गणित येत असेल. पण तिघांच्या वहीत एकच चुकीचे उत्तर असले, तेही दशांश चिन्हासकट तेच, तर तुम्ही लगेच चष्म्यावरून तिघांकडे पाहता. बरोबर उत्तर एकच असते, चुका मात्र हजार तऱ्हांनी करता येतात. म्हणून चुका जुळल्या की मुळात कुठेतरी एकच वही आहे असा संशय घ्यावा. हीच परीक्षा मॉडेलांचीही घेता येते. २०२५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी साडेतीनशेहून अधिक मॉडेले तपासली. ती चित्रांची नव्हती, भाषेची होती. पण मुद्दा तोच आहे. एका चाचणीत असे आढळले की दोन मॉडेले जेव्हा दोन्ही चुकतात, तेव्हा सुमारे साठ टक्के वेळा दोघांची चूकही तीच असते.

ती एक वही कोणती, ते आता पाहू. पिकांच्या रोगांविषयी ‘प्लांटव्हिलेज’ नावाचा एक प्रसिद्ध चित्रसंग्रह आहे. त्यातली ५४,३०६ चित्रे घेऊन संशोधकांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चौदा पिके, सव्वीस रोग. मॉडेलाने न पाहिलेली, पण त्याच संग्रहातली चित्रे त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा ते ९९.३५ टक्के बरोबर ठरले. असा विद्यार्थी आपल्या शाळेत असता तर आपण त्याचा जाहीर सत्कार केला असता. मग त्याच संशोधकांनी निराळ्या परिस्थितीत काढलेली चित्रे त्याला दाखवली. उत्तरे बरोबर आली एकतीस टक्क्यांच्या जरा वर. हा आकडा त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे छापला, याचे मला कौतुक वाटते.

असे का व्हावे? त्या संग्रहातली पाने बहुतेक एकेक तोडून, साध्या एकरंगी कागदावर ठेवून फोटो काढलेली. आपल्या रानात पान असते ते दुसऱ्या पानांच्या गर्दीत, अंगावर धूळ, अर्धे उन्हात आणि अर्धे सावलीत. पुढे २०२२ साली आणखी एकाने गंमत केली. या चित्रांतले पान वगळून फक्त मागच्या कागदाचे आठ ठिपके एका मॉडेलाला दिले. पान नाही, डाग नाही, नुसता कागद! तरी ते एकोणपन्नास टक्के वेळा रोगाचे नाव बरोबर सांगू लागले. डोळे मिटून सांगितले असते तर अडीच-पावणेतीन टक्केच बरोबर आले असते. म्हणजे कोणत्या रोगाचे फोटो कोणत्या कागदावर, कोणत्या उजेडात काढले, ही खूणगाठ त्या संग्रहातच बसली होती. मुलाने धडा पाठ न करता गाईडच्या पानाचा रंग लक्षात ठेवावा, त्यातलाच हा प्रकार. आता अशाच एका संग्रहावर शिकलेली पाच मॉडेले एकत्र बसवली, तर त्यांचे एकमत होईल. पण ते कागदाच्या रंगावरचे एकमत असेल.

‘पण मॉडेले निरनिराळ्या कंपन्यांची घेतली तर?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण इथे नावावर जाऊ नका. चित्र-मॉडेलाचे ढोबळमानाने दोन भाग असतात: पाहणारा डोळा आणि बोलणारी जीभ. डोळा तयार करणे फार खर्चाचे काम. म्हणून पुष्कळ जण तयार डोळा आणून बसवतात. ओपनएआयने २०२१ साली ‘क्लिप’ नावाचा असा डोळा सर्वांना खुला केला. गूगलने २०२३ साली ‘सिगलिप’ आणला. गूगलचे स्वतःचे पालीजेमा आणि मघाशी सांगितलेले स्मोलव्हीएलएम, या दोन निराळ्या घरच्या छोट्या मॉडेलांत हा सिगलिप घराण्याचाच डोळा आहे. क्लिपबद्दल २०२४ साली एक मार्मिक तपासणी झाली. माणसाला चटकन वेगळी दिसणारी, पण क्लिपला सारखीच वाटणारी चित्रे शोधून त्यांच्या दीडशे जोड्या केल्या आणि त्यांवर प्रश्न विचारले. प्रश्न असे, की प्राण्याचे तोंड डावीकडे आहे की उजवीकडे. मोठी नावाजलेली मॉडेलेसुद्धा तिथे अडखळली. डोळ्याला जे दिसले नाही, ते जिभेला कुठून सांगता येणार?

आपल्याकडे अंधगजन्याय सांगतात. पाच आंधळे हत्तीपाशी गेले. एकाला तो खांब वाटला, एकाला सूप, एकाला दोरखंड. ही गोष्ट आपण त्या बिचाऱ्यांना हसण्यासाठी सांगतो. पण मला विचाराल तर ते आंधळे मोलाचे होते. प्रत्येकाचा हात हत्तीच्या वेगळ्या भागावर होता. पाचांचे म्हणणे शांतपणे एकत्र जोडले असते तर बराचसा हत्ती उभा राहिला असता. आपल्या यंत्रांच्या पंचायतीत अडचण नेमकी उलटी आहे. इथे पाचही जण एकाच पायाशी उभे आहेत, आणि ‘खांबच आहे’ असे पाचही आवाजांत आपल्याला ऐकू येते.

हे सारे पुस्तकी वाटत असेल, तर कपाशीच्या रानात चला. पीक भरात आहे आणि पाने लाल पडू लागली आहेत. शेतकऱ्याने वरून एक फोटो काढला. पाने लाल होण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडले, पाण्याचा ताण बसला, रात्री गार पडू लागल्या की पान लाल होते, हा लाल्या. तो रोग नव्हे, झाडाची विकृती आहे. त्याला अन्नद्रव्य द्यावे लागते. आणि तुडतुड्यांनी रस शोषला तरी पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होतात आणि पान मुरडते. त्याचा इलाज निराळा. ओळखायचे कसे? पान उलटून पाहायचे. तुडतुडे पानाच्या खालच्या बाजूला असतात, तिरके चालतात. फोटो तर वरून काढलेला! अशा वेळी पाच काय, पन्नास मॉडेलांनी तो एकच फोटो पाहिला, तरी पानाची मागची बाजू त्यांतल्या एकालाही दिसणार नाही. गुलाबी बोंडअळीचेही तसेच. अळी बोंडात शिरली की वरून बोंड चांगले दिसते. तिचा माग काढायचा तर डोमकळ्या शोधाव्या लागतात, कामगंध सापळ्यातले पतंग मोजावे लागतात, हिरवी बोंडे फोडून आत पाहावे लागते.

चुकीच्या फवारणीत पैसा जातो हे तर आहेच. पण तेवढ्यावर भागत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. शेकडो माणसे आजारी पडली, आणि त्या एका जिल्ह्यात दगावलेल्यांची संख्या विसाच्या घरात गेली. ते काही यंत्राच्या सल्ल्याने घडले नव्हते. त्याची कारणे वेगळी होती. पण एक अनावश्यक फवारणी म्हणजे पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगावर एक अनावश्यक विषाचा दिवस, हे आपण त्या साली पाहिले. म्हणून ‘पाचही मॉडेलांनी मारा म्हटले’ या वाक्याची किंमत नीट ठरवली पाहिजे.

बहुमताखेरीज यंत्रांच्या सहकार्याची आणखी एक रीत आहे, ती मला जास्त धोक्याची वाटते. तिच्यात कामे वाटून दिलेली असतात. पहिले मॉडेल फोटोतले पान शोधते, दुसरे त्यावर काय दिसते ते शब्दांत लिहिते, तिसरे ते शब्द वाचून निदान करते. कारखान्यासारखी ही व्यवस्था झोकदार दिसते. पण प्रत्येक जण शंभरात नव्वद वेळा बरोबर असला, आणि एकाची चूक पुढच्याला सुधारता येत नसली, तर तिघांच्या हातून गेलेले उत्तर शंभरात त्र्याहत्तर वेळाच बरोबर निघते. शिवाय शेवटच्याने पान पाहिलेलेच नसते! मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. आमच्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणे सांगितली आहेत. त्यांतले प्रत्यक्ष निराळे आणि शब्द निराळा. शब्दही प्रमाण आहे, पण तो आप्ताचा असेल तर. म्हणजे ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो, त्याचा. दुसऱ्या मॉडेलाने पानावरच्या धुळीला ‘बुरशीचे करडे ठिपके’ असे लिहिले, की तिसऱ्याच्या लेखी धूळ संपली. ते मोठ्या ऐटीत बुरशीनाशकाचे नाव सांगते. ऐकीव गोष्टीवर पंचनामा लिहावा तसे हे झाले.

तिसरी रीत चर्चेची. मॉडेलांनी एकमेकांची उत्तरे वाचायची आणि पुन्हा विचार करायचा. २०२३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि गूगल इथल्या संशोधकांनी भाषेच्या मॉडेलांकडून अशी चर्चा करवून, गणितासारख्या विषयात उत्तरे सुधारतात असे दाखवले. गणितात चूक दाखवून देता येते, म्हणून तिथे चर्चेचा उपयोग समजण्यासारखा आहे. पण पुढच्या प्रयोगांत उलटेही दिसले. बरोबर असलेले मॉडेल चुकीचे बहुमत पाहून आपले उत्तर बदलते. याचे नवल वाटू नये. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना साध्या रेघांची लांबी विचारली होती. बाकीची मुले आधीच शिकवून ठेवलेली. ती मुद्दाम एकमुखाने चुकीची रेघ सांगत. खऱ्या परीक्षार्थ्याला समोर धडधडीत दिसत असूनही, अशा फेऱ्यांतली सुमारे एक तृतीयांश उत्तरे इतरांच्या चुकीला जाऊन मिळाली. आणि घोळक्यात एकच जण खरे बोलणारा बसवला, की हे प्रमाण झपाट्याने खाली आले. उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे जाताना पहिल्याचे गुण झाकून का पाठवतात, हे शिक्षकांना ठाऊकच आहे. यंत्रांच्या बाबतीतही हाच नियम पाळता येतो: आधी प्रत्येकाचे उत्तर वेगळे लिहून घ्या, ते बंद करून ठेवा, मग हवी तेवढी चर्चा करू द्या.

याचा अर्थ छोट्या मॉडेलांचे सहकार्य फोल आहे, असा काढू नका. ते उपयोगी पडते, मात्र प्रत्येकाला निराळे काही पाहायला दिले तर. एकाला पानाची वरची बाजू, दुसऱ्याला खालची, तिसऱ्याला सबंध झाड, चौथ्याला गेल्या आठवड्याचा फोटो. आणि पाचवे असे, की जे आपल्याच भागातल्या रानात काढलेल्या फोटोंवर शिकले आहे. असे पाच एकमत झाले तर त्या एकमताला वजन येते. आणि एकमत झाले नाही, तर तेही हाताशी आलेले ज्ञानच आहे. पंचांत फूट पडली म्हणजे प्रकरण अवघड आहे. अशा वेळी यंत्राने तीन विरुद्ध दोन असा निकाल लावून मोकळे होऊ नये. ‘मला नक्की सांगता येत नाही, जाणत्याला दाखवा’ असे म्हणावे. असे म्हणणारे यंत्र मला जास्त हुशार वाटते. दुर्दैव असे, की विकणाऱ्याला ते कमी हुशार वाटते.

तेव्हा कोणी तुमच्यापुढे असे ॲप ठेवले आणि ‘यात पाच-पाच एआय आहेत’ असे सांगितले, तर त्याला विचारा: पाचांना शिकवले कोणत्या चित्रांवर? त्यांत आपल्या पिकाचे, आपल्या रानात काढलेले फोटो किती? पाचांचा डोळा एकच आहे की निराळा? उत्तर देण्याआधी ते एकमेकांचे ऐकतात का? ते कधी ‘माहीत नाही’ म्हणते का, आणि म्हणाले की प्रकरण कोणाकडे जाते? उत्तरे मिळाली नाहीत तर कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाला रानात आणून पान दाखवा. निदान तो पान उलटतो.

शिक्षकांसाठी शेवटी एक प्रयोग सुचवतो. खर्च मूठभर हरभऱ्याचा. १९०६ साली इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात, एका बैलाचे कापून-सोलून वजन किती भरेल ते चिठ्ठीवर लिहून द्यायची पैज होती. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्या फ्रान्सिस गाल्टन यांनी मिळवल्या आणि चढत्या क्रमाने लावल्या. मधोमध आलेला अंदाज १,२०७ पौंड होता, खरे वजन १,१९८. प्रत्येकाने आपापली चिठ्ठी लिहिली होती, हे त्यात महत्त्वाचे. तुम्ही काचेच्या बरणीत हरभरे मोजून भरा. पहिल्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाला, न बोलता, अंदाज चिठ्ठीवर लिहायला सांगा. दुसऱ्या दिवशी बरणीतले हरभरे बदला, आणि या वेळी अंदाज एकेकाला उभे करून मोठ्याने सांगायला लावा. सुरुवात वर्गातल्या सर्वांत हुशार मुलापासून करा, आणि त्याला आधी एकट्याला बाजूला घेऊन मुद्दाम दुप्पट आकडा सांगायला सांगून ठेवा. मग दोन्ही दिवसांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, आणि ते किती पसरलेले आहेत नि कोणाभोवती गोळा झाले आहेत, हे मुलांनाच पाहू द्या.